जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स: घरच्या व्हर्च्युअलायझेशन प्रयोगशाळेची उभारणी आणि मोडतोड

घरी सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनचे, म्हणजे एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवण्याचे, प्रयोग करायचे म्हटलं की काही वर्षांपूर्वीपर्यंत पहिलं नाव यायचं ते व्हीएमवेअरच्या मोफत ईएसएक्सआयचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत ईएसएक्सआय बंद केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई या आवृत्तीपासून ते पुन्हा सुरू केलं. मायक्रोसॉफ्टच्या मोफत हायपर-व्ही सर्व्हरची २०१९ ही शेवटची आवृत्ती. आज मोफत मिळणारं आहे, उद्या असेलच असं नाही, अशा पायावर शिकायला सुरुवात करण्यात अर्थ नाही. म्हणून हा लेख प्रॉक्समॉक्स व्हीईवर आहे. व्हिएन्नातल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर २००८ पासून आहे, मुक्त परवान्यावर मिळतं, डेबियन लिनक्सवर उभं आहे आणि आतून व्हीएमसाठी केव्हीएम आणि मूळ मशीनचाच कर्नल वापरणाऱ्या हलक्या कप्प्यांसाठी, म्हणजे कंटेनरसाठी, एलएक्ससी वापरतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ९वी आवृत्ती डेबियन १३ वर आधारलेली आहे.

प्रयोगशाळेची कसोटी एकच: काहीही मोडलं तरी ते दहा मिनिटांत पूर्ववत करता आलं पाहिजे. ते जमत नसेल, तर दोष बहुधा हायपरव्हायझरचा, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, नसतो. नेटवर्कची किंवा साठवणीची मांडणी घाईत केलेली असते. म्हणून खाली या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.

मशीन कुठलं घ्यावं

भंगारात निघालेला रॅक सर्व्हर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. तो नुसता चालू राहण्यासाठी १२० वॅट खात असेल, तर महिन्याला ८६ युनिट होतात, शिवाय पंख्यांचा आवाज. २० वॅटवर चालणारा छोटा डेस्कटॉप महिन्याला साडेचौदा युनिटांत भागवतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही शहरातल्या जुन्या संगणकांच्या दुकानात कंपन्यांनी लीज संपल्यावर काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी, लेनोवो थिंकसेंटर टायनी असे डबे शोधा. इंटेलची सहावी पिढी ही खालची मर्यादा धरा. आठव्या पिढीचा आय५-८५००टी मिळाला तर उत्तम, त्यात ६ कोअर आहेत. सहाव्या पिढीच्या आय५-६५००टी मध्ये ४.

पैसे कमी असतील तर प्रोसेसरवर नाही, रॅमवर खर्च करा. प्रयोगशाळेत प्रोसेसर बहुतांश वेळ बसून असतो, रॅम मात्र आधी संपते. ३२ जीबीचा हिशेब असा बसतो: होस्टला (मूळ मशीनला) २, राउटर व्हीएमला २, विंडोज सर्व्हरला ४, विंडोज ११ ला ४, तीन-चार लिनक्स व्हीएमना मिळून ६. एवढं करून निम्मी जवळपास मोकळी राहते आणि नेस्टेड प्रयोगांना (व्हीएमच्या आत हायपरव्हायझर) तीच लागते. १६ जीबीत सुरुवात होते, पण महिनाभरात हात आखडतो. एसएसडी ५०० जीबीची, आणि शक्य असेल तर बॅकअपसाठी दुसरी स्वतंत्र डिस्क, मग ती जुनी फिरती हार्ड डिस्क असली तरी चालेल.

फक्त विंडोज लॅपटॉप असेल तर? व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना मोफत आहे. त्यात प्रॉक्समॉक्स व्हीएम म्हणून चालवता येतं. अडतं ते इथे: विंडोजने हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) किंवा ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू ठेवली असेल तर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय विंडोजने स्वतःकडे घेतलेली असते आणि वर्कस्टेशन ‘व्हर्च्युअलाइज्ड व्हीटी-एक्स इज नॉट सपोर्टेड’ म्हणून हात वर करतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये अशा वेळी खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं: व्हीएम चालते, पण रखडत. उपाय म्हणजे विंडोज सिक्युरिटीतल्या ‘कोअर आयसोलेशन’मधून मेमरी इंटिग्रिटी बंद करणं, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून ‘बीसीडीएडिट’ने ‘हायपरव्हायझरलाँचटाइप’ ऑफ करणं आणि रीस्टार्ट. मग डब्ल्यूएसएल २ बंद पडेल, हे लक्षात असू द्या. मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं कवच आहे. रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर ते काढण्यापेक्षा जुना डेस्कटॉप घेणं बरं.

बायोस

इंटेलवर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि ‘व्हीटी-डी’, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ आणि ‘आयओएमएमयू’ चालू करा. हे राहून गेलं तर प्रॉक्समॉक्स सुखेनैव इन्स्टॉल होतं, पण पहिली व्हीएम सुरू करताना ‘केव्हीएम कॉन्फिगर्ड, बट नॉट अव्हेलेबल’ अशा अर्थाची चूक येते. तिथेच वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय असते, नाव बहुधा ‘एसी रिकव्हरी’ किंवा ‘आफ्टर पॉवर लॉस’. तीही चालू करा.

इन्स्टॉलेशन

प्रॉक्समॉक्सची आयएसओ (इन्स्टॉलरची डिस्क प्रतिमा) उतरवून पेन ड्राइव्हवर लिहायची. एचर या साधनाने लिहिली तर काही विचारत नाही. रूफसने लिहिताना तो ‘आयएसओ मोड की डीडी मोड’ असं विचारतो. डीडीच निवडा, नाहीतर पेन ड्राइव्ह बूट होत नाही किंवा अर्ध्यात अडते.

इन्स्टॉलर निवडलेली अख्खी डिस्क पुसतो. डिस्क निवडायच्या पडद्यावर ‘ऑप्शन्स’चं बटण आहे, ते बरेच जण पाहतच नाहीत. एकच साधी घरगुती एसएसडी असेल तर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम ठेवा. मग बाकीची जागा एलव्हीएम-थिनला जाते. झेडएफएस चांगलं आहे, पण वीज गेल्यावर डेटा राखणारे कपॅसिटर नसलेल्या स्वस्त एसएसडीवर त्याची सक्तीची लिखाई हळू होते आणि डिस्क लवकर झिजते. दोन एकसारख्या डिस्क असतील तर झेडएफएसचा आरसा (दोन्हींवर तोच डेटा) करायला हरकत नाही. त्याची कॅश रॅम खाते; ८.१ नंतरचा इन्स्टॉलर ती रॅमच्या १० टक्क्यांवर रोखतो, पण त्याआधी टाकलेल्या आणि नुसत्या अपग्रेड करत आणलेल्या मशीनवर ती ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

नेटवर्कच्या पडद्यावर जपून. प्रॉक्समॉक्सला स्थिर आयपी लागतो. इन्स्टॉलर तिथे राउटरकडून मिळालेला आयपी आधीच भरून दाखवतो आणि माणूस ‘नेक्स्ट’ दाबून मोकळा होतो. काही दिवसांनी राउटर तोच आयपी कुणाच्या तरी मोबाइलला देतो, आणि वेब पान कधी उघडतं, कधी नाही. राउटरमध्ये जाऊन डीएचसीपीची, म्हणजे आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांची, कक्षा पाहा. ती १०० ते २०० असेल तर होस्टला १९२.१६८.१.५० सारखा कक्षेबाहेरचा पत्ता द्या. होस्टचं नावही आताच विचार करून ठरवा. व्हीएम तयार झाल्यावर ते बदलणं किचकट आहे.

पेन ड्राइव्ह काढून रीस्टार्ट केल्यावर दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस, मग आयपी, मग कोलन ८००६. ‘एस’ विसरलात तर पान उघडत नाही आणि इन्स्टॉलेशन फसलं असं वाटतं. प्रमाणपत्राचा इशारा येईल, तो ओलांडून पुढे जा. वापरकर्ता ‘रूट’.

पहिल्या तासातली कामं

नोड (म्हणजे तुमचं प्रॉक्समॉक्स मशीन) निवडून ‘अपडेट्स’खाली ‘रिपॉझिटरीज’मध्ये जा. तिथले ‘एंटरप्राइज’ स्रोत, सेफ या साठवण-प्रणालीचा धरून, बंद करा आणि ‘ॲड’ दाबून ‘नो-सबस्क्रिप्शन’ जोडा. हे न करता अपडेट केलं तर ४०१ ही चूक येते. मग ‘रिफ्रेश’ आणि ‘अपग्रेड’. टर्मिनलमधून करत असाल तर ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ वापरा, साधं ‘ॲप्ट अपग्रेड’ नको. नवीन पॅकेजची भर लागणारे बदल त्यात अर्धवट राहतात आणि प्रॉक्समॉक्सची घडी विस्कटते. लॉगिनच्या वेळी सबस्क्रिप्शन नसल्याची खिडकी येत राहील. ती घालवणारे जुगाड आहेत, पण ते प्रॉक्समॉक्सची जावास्क्रिप्ट फाइल बदलतात आणि पुढच्या अपडेटला पुसले जातात. ‘ओके’ दाबणं सोपं.

एकटाच नोड असेल तर ‘पीव्हीई-एचए-एलआरएम’ आणि ‘पीव्हीई-एचए-सीआरएम’ या दोन सेवा ‘सिस्टिमसीटीएल डिसेबल’ने बंद करा. त्या क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या नोडांमधल्या) उच्च उपलब्धतेसाठी आहेत; एकट्या मशीनवर एसएसडीवर उगाच लिहीत बसतात.

नेटवर्क: इथे वेळ द्या

इन्स्टॉलरने ‘व्हीएमबीआर०’ नावाचा ब्रिज (आभासी स्विच) तयार केलेला असतो. या ब्रिजला जोडलेली प्रत्येक व्हीएम घरच्या नेटवर्कवर स्वतंत्र मशीन म्हणून दिसते. सोयीचं आहे, पण धोका त्यातच आहे. विंडोज सर्व्हर शिकताना डीएचसीपीची भूमिका चालू करून पाहणार नाही असा कोण आहे? ते या ब्रिजवर केलंत की घरातला टीव्ही, मोबाइल, सगळे तुमच्या प्रयोगाच्या सर्व्हरकडून पत्ते घेऊ लागतात आणि इंटरनेट जातं. म्हणून प्रयोगांना वेगळं जाळं हवंच.

त्याचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग एसडीएनचा (सॉफ्टवेअरने घडवलेलं जाळं), आणि तो पूर्ण वेब पानावरून होतो.

१. ‘डेटासेंटर’मध्ये ‘एसडीएन’, ‘झोन्स’, ‘ॲड’, ‘सिंपल’. नाव आठ अक्षरांच्या आत, रोमन लिपीत.
२. ‘व्हीनेट्स’मध्ये नवीन व्हीनेट करून त्याला हा झोन द्या.
३. त्या व्हीनेटखाली सबनेट जोडा: १०.१०.१०.०/२४, गेटवे १०.१०.१०.१, आणि ‘एसनॅट’वर (होस्टच्या पत्त्यावरून इंटरनेट देणारी सोय) खूण.
४. ‘एसडीएन’च्या मुख्य पानावर परत येऊन ‘अप्लाय’. हे विसरलं की व्हीएमच्या यादीत व्हीनेट दिसतच नाही, आणि विसरणं अगदी सहज होतं.

आता व्हीएमचं नेटवर्क कार्ड या व्हीनेटला जोडा आणि आत १०.१०.१०.१० सारखा स्थिर पत्ता द्या. इंटरनेट बाहेर जातं, पण आतला डीएचसीपी गोंधळ घरापर्यंत येत नाही.

दुसरा मार्ग जास्त शिकवणारा. नोडच्या ‘नेटवर्क’ पानावर ‘व्हीएमबीआर१’ हा ब्रिज कुठलाही पोर्ट न देता तयार करा. मग ओपीएनसेन्स या राउटर-फायरवॉलची व्हीएम करा: २ जीबी रॅम, दोन कार्डं, पहिलं ‘व्हीएमबीआर०’वर, दुसरं ‘व्हीएमबीआर१’वर. बाकी सगळ्या व्हीएम फक्त ‘व्हीएमबीआर१’वर. फायरवॉल, व्हीलॅन, व्हीपीएन हे सगळं यात हाताखालून जातं. ओपीएनसेन्सऐवजी पीएफसेन्स वापरलंत आणि व्हर्टआयओ (व्हीएमसाठी बनवलेलं आभासी) कार्ड दिलंत, तर त्याच्या प्रगत नेटवर्क सेटिंगमध्ये हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग बंद करा. नाहीतर पिंग जातं, डीएनएस चालतं, पण वेब पानं उघडत नाहीत, आणि माणूस फायरवॉलच्या नियमांत दोष शोधत बसतो.

नेटवर्कमधले आणखी तीन खड्डे माहीत असू द्या.

वायफायवर ब्रिज चालत नाही. वायफायचा ॲक्सेस पॉइंट फक्त जोडलेल्या कार्डाच्या मॅक पत्त्यावरून (त्याच्या स्वतःच्या ओळखक्रमांकावरून) आलेलं मानतो. व्हीएमचा मॅक वेगळा असल्याने तिचं बोलणं फेकून देतो. केबल ओढा. ते शक्यच नसेल तर वर सांगितलेला एसनॅटचा मार्ग.

ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क घातल्यावर होस्ट नेटवर्कवरून गायब झाला, तर नेटवर्क कार्ड बिघडलेलं नसतं, त्याचं नाव बदललेलं असतं. पीसीआय स्लॉटचे क्रमांक सरकले की ‘ईएनपी३एस०’चं ‘ईएनपी४एस०’ होतं आणि ब्रिज जुन्या नावाची वाट पाहत राहतो. मॉनिटर-कीबोर्ड लावा, ‘आयपी लिंक’ कमांडने नवीन नाव पाहा आणि ईटीसी फोल्डरातल्या ‘नेटवर्क/इंटरफेसेस’ फाइलमध्ये दुरुस्त करा.

तिसरा खड्डा ऑफिसच्या डब्यांमध्ये नेहमीचा. इंटेलच्या आय२१७ ते आय२१९ या कार्डांवर मोठी फाइल कॉपी करताना नेटवर्क अचानक थिजतं आणि लॉगमध्ये ‘हार्डवेअर युनिट हँग’ अशी ओळ दिसते. ‘ईथटूल’ने त्या कार्डाचे टीएसओ आणि जीएसओ हे ऑफलोड बंद केले की थांबतं. ती कमांड इंटरफेसेस फाइलमध्ये ‘पोस्ट-अप’ म्हणून लिहा, नाहीतर रीस्टार्टनंतर पुन्हा तेच.

बाहेरून होस्टपर्यंत पोचण्यासाठी राउटरवर ८००६ पोर्ट उघडू नका. अनेक घरगुती ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी) मागे असल्याने ते चालतही नाही. टेलस्केल किंवा वायरगार्ड हे व्हीपीएन वापरा.

साठवण भरते कशी

ईएक्सटी४ निवडलं असेल तर दोन जागा दिसतात. ‘लोकल’मध्ये आयएसओ, कंटेनरचे साचे आणि, न बदलल्यास, बॅकअप जातात. ही होस्टचीच मूळ डिस्क. बॅकअपांनी ती १०० टक्के भरली की वेब पानावर लॉगिनसुद्धा होत नाही, आणि लोक पासवर्ड विसरलो असं समजतात. मॉनिटर लावून जुने बॅकअप पुसले की सगळं ठीक होतं.

‘लोकल-एलव्हीएम’ म्हणजे थिन पूल. इथे व्हीएमला ६४ जीबी दिले तरी प्रत्यक्षात लिहिलं तेवढंच व्यापलं जातं, त्यामुळे ३५० जीबीच्या पूलमधून तुम्ही आरामात ६०० जीबी वाटू शकता. पूल खरोखर भरला, की मात्र त्यातल्या सगळ्याच व्हीएम लिहिताना अडतात. यादीत पिवळा त्रिकोण दिसतो आणि एखाद्या फाइल सिस्टिमचं नुकसानही होतं. ८० टक्क्यांना हात आवरा.

आत फाइल पुसल्याने पूलमधली जागा आपोआप सुटत नाही. डिस्क तयार करताना ‘डिस्कार्ड’वर खूण हवी, आणि लिनक्स व्हीएममध्ये ‘एफएसट्रिम’ ठरावीक वेळाने चालायला हवं. डेबियन-उबंटूत त्याचा टायमर असतो, चालू आहे का ते पाहा. खूण राहिली असेल तर आता घाला, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि एकदा हाताने ‘एफएसट्रिम -एव्ही’ द्या. पूल कित्येक जीबींनी खाली येतो.

लिनक्सचा साचा एकदा करा, हजारदा मोडा

प्रत्येक प्रयोगासाठी आयएसओवरून इन्स्टॉल करणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे. डेबियन, उबंटू, आल्मालिनक्स हे सगळे क्लाउडसाठी तयार डिस्क प्रतिमा देतात. डेबियनची ‘जेनेरिक’ नावाची क्यूकाऊ२ प्रतिमा घ्या.

१. वेब पानावरून ९००० क्रमांकाची व्हीएम करा: २ कोअर, २ जीबी रॅम, व्हर्टआयओ नेटवर्क, ‘क्यूईएमयू एजंट’वर (होस्टशी बोलणारी आतली सेवा) खूण. डिस्क काढून टाका.
२. प्रतिमा होस्टवर उतरवून शेलमध्ये ‘क्यूएम डिस्क इम्पोर्ट’, मग ९०००, प्रतिमेचं नाव आणि ‘लोकल-एलव्हीएम’.
३. व्हीएमच्या ‘हार्डवेअर’मध्ये ‘अनयूज्ड डिस्क’ दिसेल. दोनदा क्लिक करून एससीएसआय म्हणून जोडा, ‘डिस्कार्ड’वर खूण.
४. ‘ॲड’मधून क्लाउडइनिट ड्राइव्ह (पहिल्या बूटला वापरकर्ता, आयपी वगैरे आत पोचवणारा) जोडा, आणि एक सीरियल पोर्टही. काही प्रतिमा सीरियल पोर्ट नसेल तर बूट होताना लटकतात.
५. ‘ऑप्शन्स’मध्ये बूटचा क्रम बदलून ही डिस्क वर आणा. हे राहिलं तर व्हीएम नेटवर्कवरून बूट व्हायचा प्रयत्न करत राहते.
६. क्लाउडइनिट पानावर वापरकर्ता, एसएसएच की आणि आयपी भरा. डिस्क ३०-४० जीबींनी वाढवा. पहिल्या बूटला आतलं विभाजन आपोआप ताणलं जातं.
७. एकदाही सुरू न करता ‘कन्व्हर्ट टू टेम्प्लेट’.

सातव्या पायरीतला ‘एकदाही सुरू न करता’ हा भाग महत्त्वाचा. व्हीएम एकदा सुरू झाली की ईटीसीतली ‘मशीन-आयडी’ फाइल भरली जाते. मग तिच्या सगळ्या क्लोनना तीच ओळख मिळते, आणि सिस्टिमडीचं नेटवर्किंग डीएचसीपीला त्याच ओळखीने विचारतं. परिणामी वेगळे मॅक असूनही दोन क्लोन एकच आयपी घेऊन भांडतात. साचा चुकून सुरू झालाच, तर ती फाइल रिकामी करा, पण पुसू नका, आणि एसएसएचच्या होस्ट की काढून मग बंद करा.

यानंतर ‘क्लोन’मध्ये ‘लिंक्ड’ निवडलं की नवीन सर्व्हर काही सेकंदांत उभा. लिंक्ड क्लोन असेपर्यंत मूळ साचा पुसता येत नाही, एवढंच बंधन.

एजंटची खूण केली पण आत ‘क्यूईएमयू-गेस्ट-एजंट’ हे पॅकेज टाकलं नाही, तर ‘शटडाउन’ दाबल्यावर व्हीएम बंद न होता वाट पाहत बसते. पॅकेज टाका. खूण नंतर केली असेल तर आतून रीबूट पुरत नाही. व्हीएम पूर्ण थांबवून सुरू करावी लागते.

प्रोसेसरच्या प्रकाराचा एक नवा सापळा: ८व्या आवृत्तीपासून वेब पान ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ हा प्रकार आधीच निवडून देतं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० आणि रॉकी १० ला व्ही३ लागतं, म्हणून त्या प्रकारावर ते बूट होतानाच कर्नल पॅनिक देतात. प्रकार ‘होस्ट’ करा. प्रोसेसर हॅसवेल किंवा नंतरचा असेल तर चालतं.

विंडोज

चाचणी परवाने मायक्रोसॉफ्टकडूनच मिळतात: विंडोज सर्व्हर १८० दिवस, विंडोज ११ एंटरप्राइज ९० दिवस. क्रॅक शोधायची गरज नाही.

व्हीएम करताना प्रकार विंडोज निवडला की ‘व्हर्टआयओ ड्रायव्हर्ससाठी जादा ड्राइव्ह’ असा पर्याय येतो. फेडोरा प्रकल्पाकडून मिळणारी ‘व्हर्टआयओ-विन’ आयएसओ तिथे लावा. विंडोज ११ साठी मशीन क्यू३५, बायोस ओव्हीएमएफ (यूईएफआय), टीपीएम २.०, डिस्क किमान ६४ जीबी. डिस्क निवडायच्या पडद्यावर यादी रिकामी दिसेल, घाबरू नका. ‘लोड ड्रायव्हर’ दाबून ‘व्हीआयओएससीएसआय’, ‘डब्ल्यू११’, ‘एएमडी६४’ या वाटेने जा. इंटेल प्रोसेसर असला तरी फोल्डर हाच. लगेच ‘नेटकेव्हीएम’ही लोड करा, कारण विंडोज ११ पुढे इंटरनेट मागतं.

जुना चालता विंडोज पीसी व्हीएममध्ये आणायचा असेल तर सिसइंटर्नल्सचं ‘डिस्क२व्हीएचडी’ हे साधन आहे. त्यातून निघालेली व्हीएचडीएक्स फाइल वरच्याच इम्पोर्ट कमांडने येते. मूळ पीसी यूईएफआयवर होता तर ओव्हीएमएफ, नसेल तर सीबायोस (जुन्या पद्धतीचा बायोस). डिस्क थेट व्हर्टआयओवर जोडली तर निळा पडदा आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. आधी साटावर जोडून बूट करा, १ जीबीची रिकामी दुसरी डिस्क व्हर्टआयओ एससीएसआयवर द्या, ड्रायव्हर टाका, बंद करा, मग मुख्य डिस्क त्या कंट्रोलरवर हलवा.

हायपरव्हायझरच्या पोटात हायपरव्हायझर

नोकरीत व्हीएमवेअर लागतं पण घरच्या मदरबोर्डवर रिअलटेकचं नेटवर्क कार्ड आहे, आणि ईएसएक्सआय ते ओळखत नाही: ही नेहमीची अडचण. प्रॉक्समॉक्सच्या आत ईएसएक्सआय चालवलं की ती आपोआप सुटते. होस्टवर ‘केव्हीएम_इंटेल’ मॉड्यूलचा ‘नेस्टेड’ हा पॅरामीटर ‘वाय’ दाखवतो का पाहा. अलीकडच्या कर्नलवर तो चालूच असतो. व्हीएमला प्रोसेसर ‘होस्ट’, निदान २ कोअर, ८ जीबी रॅम, साटावर डिस्क, आणि नेटवर्क कार्ड ‘व्हीएमएक्सनेट३’. व्हर्टआयओ कार्ड दिलं तर इन्स्टॉलर ‘नो नेटवर्क ॲडॅप्टर्स’ म्हणून थांबतो. जुन्या प्रोसेसरवर ८वी आवृत्ती नकार देत असेल तर बूट होताना शिफ्ट आणि ओ दाबून ‘अलाऊलेगसीसीपीयू=ट्रू’ जोडा; अधिकृत आधार नाही, पण शिकण्यापुरतं चालतं. ईएसएक्सआयच्या आत ईएसएक्सआय घालत असाल, तर बाहेरच्या ईएसएक्सआयच्या पोर्ट ग्रुपवर ‘प्रॉमिस्क्युअस मोड’ आणि ‘फोर्ज्ड ट्रान्समिट्स’ला परवानगी द्यावी लागते, नाहीतर सर्वांत आतल्या व्हीएमचं नेटवर्क मुकं राहतं. वेगाची अपेक्षा ठेवू नका.

दुसऱ्यांच्या स्क्रिप्टी

‘प्रॉक्समॉक्स व्हीई हेल्पर-स्क्रिप्ट्स’ हा अनधिकृत संग्रह टीटेक या टोपणनावाच्या प्रोग्रामरने उभा केला. त्याच्या निधनानंतर तो समुदाय चालवतो. पाय-होल, होम असिस्टंट, जेलीफिन अशा कित्येक गोष्टींचे कंटेनर एका ओळीत उभे राहतात. पण ती ओळ इंटरनेटवरून आलेला कोड थेट होस्टवर रूट म्हणून चालवते. आधी फाइल उतरवून वाचा, निदान ती कुठल्या पत्त्यांवरून काय खेचते ते पाहा. शिवाय शिकायचं असेल तर तीच गोष्ट एकदा हाताने करून मग स्क्रिप्ट वापरा. डॉकर चालवायचं असेल तर एलएक्ससीऐवजी व्हीएम बरी. कंटेनरमधलं डॉकर ‘नेस्टिंग’ चालू करून चालतं, पण अपग्रेडनंतर रुसतं.

स्नॅपशॉट आणि बॅकअप

प्रयोगाआधी स्नॅपशॉट, प्रयोगानंतर ‘रोलबॅक’, आणि काम झालं की स्नॅपशॉट पुसणं, ही सवय लावा. महिनोन्‌महिने साठलेले स्नॅपशॉट थिन पूल भरतात. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, म्हणून तो बॅकअप नव्हे. दुसऱ्या डिस्कवर डिरेक्टरी साठवण करून ‘डेटासेंटर’मधल्या ‘बॅकअप’मध्ये रात्रीचं काम लावा आणि ‘रिटेन्शन’मध्ये शेवटच्या तीन प्रती ठेवा. व्हीएम वाढल्या की प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर पाहा, तो फक्त बदललेले तुकडे साठवतो.

मग मुद्दाम मोडा. एका व्हीएमची डिस्क आतून पूर्ण भरा, दुसरीतला कर्नल पुसा, तिसरीला लिहिता लिहिता ‘स्टॉप’ मारा. प्रत्येकीला बॅकअपवरून नव्या क्रमांकावर परत आणा आणि घड्याळ लावा. परत आणलेली व्हीएम मूळ व्हीएमसोबत सुरू करू नका. ‘युनिक’वर खूण नसेल तर दोघींचा मॅक एकच असतो.

व्हीएम ‘लॉक्ड’ दाखवत असेल, म्हणजे अर्धवट बॅकअपची खूण राहिली असेल, तर आधी कुठलं काम चालू नाही याची खात्री करून ‘क्यूएम अनलॉक’ आणि क्रमांक.

वीज

घरी इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या क्षणी डेस्कटॉप रीसेट होऊ शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘इको’ आणि ‘यूपीएस’ असा खटका असतो, तो यूपीएसवर ठेवा. यूएसबी जोडणीचा यूपीएस असेल तर ‘नट’ हे सॉफ्टवेअर होस्टवर टाकून बॅटरी संपत आली की व्हीएम रीतसर बंद होतील असं करा. प्रत्येक व्हीएमच्या ‘ऑप्शन्स’मध्ये सुरू होण्याचा क्रम आणि विलंब देता येतो: राउटर १, मग ३० सेकंद, मग डोमेन कंट्रोलर, बाकीचे नंतर.

दुसरा डबा आल्यावर

क्लस्टर करायचा मोह होतो. जोडला जाणारा नोड रिकामा लागतो, त्यावर एकही व्हीएम नको. आणि दोन नोडांचा क्लस्टर एकट्या नोडपेक्षा नाजूक असतो: एक बंद झाला की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही, त्याची संरचना फक्त वाचण्यापुरती उरते आणि बंद असलेली व्हीएम सुरू होत नाही. तात्पुरता उपाय ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १’. कायमचा उपाय म्हणजे तिसरं मत, आणि त्यासाठी रास्पबेरी पायवर ‘क्यूडिव्हाइस’ पुरतं. मात्र दुसरा नोड खरोखर बंद आहे, नुसती केबल निघालेली नाही, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘एक्स्पेक्टेड १’ देऊ नका. दोघांची साठवण सामाईक असेल, तर एकच व्हीएम दोन्हीकडे सुरू होऊन तिची डिस्क खराब होते.